ग्लुकोमीटर: चांगला आहे, पण जोडीने वापरा

घरात ग्लुकोमीटर आला की बहुतेकांच्या हातून त्याचा एकच उपयोग होतो. सकाळी उठायचं, उपाशीपोटी शुगर बघायची, आकडा बरा आला तर खूश आणि वाढला तर दिवसभर तोंड पाडून बसायचं. माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे मला हे खटकतं. सुरुवातीची शिल्लक लिहायची आणि अखेरची न बघताच वही मिटायची, असला प्रकार झाला हा.

मला टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. माझ्यासारख्यांनी हे यंत्र जोडीने वापरावं, असं माझं स्पष्ट मत: जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. सर्वसाधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे शुगरचे आकडेही त्यातच), अशी मर्यादा धरतात. वय, औषधं, बाकीचे आजार पाहून डॉक्टर ती बदलून देतात. पण मला आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त बोलका वाटतो. ताटात जे होतं त्याने काय केलं, ते त्यातच दिसतं.

सकाळचा आकडा तसा फसवा. पहाटे शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागतं. आपल्याला ती आवरायला इन्सुलिन पुरत नाही. म्हणून रात्री हलकं जेवूनही सकाळी शुगर चढलेली दिसते, आणि माणूस उगाच कालच्या जेवणाला दोष देत बसतो.

जोडीने मोजायला लागल्यावर पुस्तकी सल्ले खरे वाटू लागतात. फळ चावून खाल्लं तर आकडा एका बेताने चढतो, त्याच फळाचा रस प्यायला तर सरळ उडी मारतो. आधी भाज्या आणि प्रथिनं, पिष्टमय पदार्थ शेवटी, असं जेवलं की तेच ताट कमी त्रास देतं. सगळ्यात मोठा धक्का जेवणानंतरच्या चालण्याने दिला. काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं, स्वतःच्या बोटातून निघालेला आकडा खाली आलेला बघणं वेगळं. त्यानंतर जेवून लगेच खुर्चीत रुतून बसायची इच्छाच गेली. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी तेच जेवण जास्त चढतं, हेही यंत्रानेच दाखवलं. पथ्य म्हणजे फक्त खाणं नव्हे, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. ह्या डबीने दिलं.

आता वापराबद्दल. पट्टीचं टोक थेंबाला टेकवलं की रक्त आपोआप आत शिरतं; थेंब वरून थापायचा नसतो. पट्टीवरच्या विकराची (एन्झाइमची) साखरेशी क्रिया होते, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि यंत्र तोच मोजतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. फळ सोललेल्या बोटाने मोजलंत तर शुगर तुमची नाही, फळाची दिसेल. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखणं बरंच कमी होतं. बोट जोरात पिळू नका. आणि सुई, टोचणी कुणाशीही वाटून घ्यायची नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे पडद्यावरची सरासरी. ६० आणि २४० यांची सरासरी १५० येते, दिसायला ठीकठाक. प्रत्यक्षात दोन्ही आकडे काळजीचे. मी ती सरासरी बघतच नाही, वहीत वेळ आणि जेवण लिहून ठेवते. दुसरी, पट्ट्यांची डबी. बोटाने एक काढायला गेलं की चार बाहेर येतात, आणि दमट हवा लागली की पट्ट्या बिघडतात. झाकण लगेच घट्ट लावा, मुदत तपासत राहा.

अचूकतेबद्दल लोकांच्या अपेक्षा जरा अति असतात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार १०० च्या वरच्या वाचनांत १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी शुगर १४० असेल तर यंत्राने ११९ दाखवलं काय नि १६१ दाखवलं काय, ते मानकात बसतं. दहा-बारा अंकांच्या फरकावरून घरात भांडणं नकोत. रक्तक्षय असेल तर आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. मधुमेह आहे की नाही, हे ठरवायला तर हे यंत्र वापरूच नका. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणी लागते: उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा वर, आणि लक्षणं ठळक नसतील तर पुन्हा तपासून खात्री. घरी रोज मोजलं म्हणून ती दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी चुकवायची नाही.

एका बाबतीत मात्र यंत्राला पूर्ण गुण. घाम फुटला, हात थरथरले की अंदाज बांधत बसावं लागत नाही. ७० च्या खाली दिसलं तर १५ ग्रॅम झटपट साखर पोटात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांकडे एवढ्यासाठी तरी हे हवंच.

ज्यांना आकडा बघितला की दिवसभर धास्ती बसते आणि औषधांमुळे शुगर उतरायची भीतीही नाही, त्यांनी किती वेळा मोजायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. सारखं टोचून शुगर उतरत नाही. बाकीच्यांनी जरूर घ्या, आणि निवडताना यंत्राच्या रंगरूपाकडे किंवा ॲपकडे बघू नका. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, पट्ट्या कायम लागतात. त्या जवळ आणि नियमित मिळतात का, हे आधी विचारा.