वाहू आरपीएम: क्लासमधली केडन्स मोजायला पुरेसा

चुंबक नको, वायर नको. सात-आठ ग्रॅमचा हा सेन्सर क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) किंवा बुटावर बसतो आणि केडन्स (आरपीएम), म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात ते, फोनवर दाखवतो. स्पिनिंगच्या, म्हणजे जागच्या सायकलवरच्या, क्लासमध्ये दरवेळी वेगळी सायकल मिळत असेल तर बुटाचीच क्लिप वापरा. क्रँकवर लावायचा तर आतल्या बाजूला, आणि पेडल हाताने पूर्ण फिरवून तो फ्रेमला घासत नाही ना हे आधी पाहा. आत सीआर2032 सेल असतो. फोनला सापडत नसेल तर पेडल फिरवा, तो झोपलेला असतो.

खरा उपयोग शिकवताना. सपाट रस्त्याला 80 ते 110, चढाला 60 ते 80 फेरे ही स्पिनिंगची चौकट. आकडा 115 वर गेला आणि बूड सीटवर उडायला लागलं, तर रेझिस्टन्स (चाकाला लावलेला अडथळा) कमी आहे. पाय चाकाला नव्हे, जड चाकच पायांना फिरवतंय. अशा वेळी ‘हळू मारा’ म्हणू नका, रेझिस्टन्सचा नॉब थोडा आवळायला सांगा. चढावर 55 च्या खाली घसरला तर उलट, नॉब सैल. नाहीतर गुडघे बोलायला लागतात.

गाण्याच्या ठेक्यावर चालवणाऱ्यांसाठी: मिनिटाला 160 बीट्स म्हणजे 80 फेरे, प्रत्येक बीटला एक पाय खाली.

उणीव एकच, पण मोठी: ताकद किती लागतेय हे तो सांगत नाही. आणि ज्या सायकलींना आरपीएमचा डिस्प्ले आहे, तिथे पैसे घालवू नका.