जड क्रूड पातळ करायचं: नाफ्था की इमल्सिफायर?

भाचा बडोद्याच्या मकरपुऱ्यात ऑइलफील्ड केमिकल्सच्या लॅबमध्ये लागलाय. परवा दांडिया बाजारात चहा पिताना म्हणाला, "मामा, मेहसाण्याकडचं जड क्रूड काकवीसारखं आहे. नाफ्था सुचवू की इमल्सिफायर?"

खर्च बघ. नाफ्था, म्हणजे हलकं, पातळ पेट्रोलियम द्रव, लागतो भरपूर, वीस-तीस टक्के सहज. तो विकत घ्या, विहिरीपर्यंत न्या, पुढे डिस्टिलेशनने परत मिळवा. इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून धरणारं रसायन, टक्क्याच्या आत भागतो, बाकी काम पाणी करतं: तेलाचे थेंब पाण्यात तरंगतात (हेच इमल्शन), पाइपला घासतं ते पाणीच. व्हेनेझुएलाचं ओरिमल्शन हे इंधन असंच होतं, साधारण 70 टक्के बिटुमेन, 30 टक्के पाणी.

खरी मेख भरवशात आहे. नाफ्था पॅराफिनिक (मेणाच्याच जातीच्या हायड्रोकार्बनचा) असेल तर अ‍ॅस्फाल्टीन, म्हणजे क्रूडमधला डांबरासारखा जड भाग, खाली बसतं. बीकरच्या तळाला काळा चिकट थर दिसला की समजायचं. थोडं टोल्युइन (अ‍ॅस्फाल्टीन विरघळवणारं द्रावक) घातलं तर आवरतं. इमल्शनचे नखरे जास्त. अ‍ॅनायॉनिक (ऋण भाराचं) सर्फॅक्टंट, म्हणजे इमल्सिफायरमधलं मुख्य रसायन, खारट, कठीण पाण्यात रुसतं. नॉनआयॉनिक (भार नसलेलं) मीठ सोसतं, पण तापमान क्लाउड पॉइंटच्या, म्हणजे ते पाण्यातून वेगळं होऊन द्रावण गढूळ होतं त्या तापमानाच्या, वर गेलं की संपलं. म्हणून ब्रोशरमधले आकडे सोड, त्याच विहिरीच्या पाण्यात चाचणी घे.

मेहनत? इमल्शन रिफायनरीत नेण्याआधी फोडावं लागतं, आणि जे पक्कं बसलंय ते फुटायलाही तितकंच हट्टी.

नाफ्था हाताशी असेल, रिफायनरी जवळ असेल तर नाफ्थाच. पाइपलाइन लांब, नाफ्था महाग आणि इमल्शन फोडायची सोय असेल तर इमल्सिफायर. आणि हो, क्रूड मेणामुळे गोठत असेल तर दोन्ही राहू दे, पोर पॉइंट डिप्रेसंट, म्हणजे थंडीतही क्रूड वाहतं ठेवणारं रसायन, बघ.