१०४० भरला, भरायचा होता १०४०-एनआर: दुरुस्ती स्वतः करावी, सॉफ्टवेअरने की सीपीएकडून?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आलेली आपली पोरं रूममेटने सांगितलं म्हणून टर्बोटॅक्स हे टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर उघडतात, त्यात १०४०, म्हणजे रेसिडेंटचा रिटर्न फॉर्म, भरला जातो, रिफंडही येतो, मग शंका कोणाला येणार. पण एफ-१ ची पहिली पाच कॅलेंडर वर्षं सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्टमध्ये (अमेरिकेतले दिवस मोजून टॅक्सपुरतं रेसिडेंट ठरवायची कसोटी, ढोबळमानाने १८३ दिवस) दिवस धरतच नाहीत, म्हणजे तुम्ही नॉनरेसिडेंट, आणि तुमचा फॉर्म १०४०-एनआर, सोबत ८८४३, म्हणजे हे दिवस का धरू नयेत ते सांगणारा फॉर्म. ऑगस्ट २०२१ ला आलात तरी २०२१ पूर्ण एक वर्ष धरतात, म्हणजे सूट २०२५ पर्यंत. या पाच वर्षांच्या आत १ ऑक्टोबरला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागलेलेही इथेच फसतात, कारण डिसेंबरअखेर ९२च दिवस भरतात, १८३ नाही. (लग्न झालंय आणि जोडीदार वर्षअखेर रेसिडेंट असेल तर मिळून १०४० भरायची सोय कायद्यातच आहे, त्यांनी उगाच दुरुस्तीला हात लावू नये.)

कोणाकडून करायचं ते नंतर, आधी फरक किती पडतो ते काढा. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारामुळे नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, २०२४ साठी १४,६०० डॉलर, त्यामुळे नुसता एक डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) असेल तर फेडरलमध्ये फरक जवळपास शून्य, उलट बँकेच्या व्याजावर नॉनरेसिडेंटला टॅक्स नसतो म्हणून चार डॉलर परतच येतील. मोठा फटका अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या शिक्षणखर्चावरच्या टॅक्स सवलतीचा, ते २,५०० डॉलरपर्यंत असतं आणि नॉनरेसिडेंटला सहसा मिळतच नाही, घेतलं असेल तर परत करायचं. दुसरा शेअर्सचा: वर्षात १८३ दिवस अमेरिकेत असाल तर नफ्यावर सरळ ३० टक्के, डिव्हिडंडवर करारानुसार २५, आणि तिथे स्टँडर्ड डिडक्शन लागत नाही.

नोटीस आली की बघू म्हणणारे बरेच असतात. मला हा पर्याय पटत नाही, कारण आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) विचारायच्या आधी तुम्ही दुरुस्त केलंत तर २० टक्क्यांची अ‍ॅक्युरसी पेनल्टी टळते, व्याज तेवढं भरावं लागतं, आणि बिल येऊनही पैसे थकवले तरच महिन्याला अर्धा टक्का दंड. पैसे परत यायचे असतील तर साधारण रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं हातात, नंतर गेले.

स्वतः करणं वाटतं तेवढं अवघड नाही. १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मवर वर फक्त नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, आकड्यांचे रकाने कोरे सोडायचे, दुरुस्तीचं कारण दोन ओळीत लिहायचं, मागे नवा १०४०-एनआर लावायचा, त्याच्या माथ्यावर इंग्रजीत ‘अमेंडेड’ लिहायचं, डब्ल्यू-२ आणि ८८४३ जोडायचे आणि ऑस्टिन, टेक्सासला पोस्टाने. प्रत्येक वर्षाचा वेगळा फॉर्म. खर्च पोस्टाचा. एक नोकरी, एक राज्य असेल तर माझं मत हेच.

स्प्रिंटॅक्स, ग्लेशियर या नॉनरेसिडेंटसाठीच्या सॉफ्टवेअर्सचा फायदा म्हणजे कराराचं कलम तेच टाकतात आणि ८८४३ विसरत नाही. पण युनिव्हर्सिटीचा फुकट कोड जुन्या वर्षाला चालतोच असं नाही, आधी विचारा, आणि शेवटी प्रिंट काढून पोस्टात टाकणारे तुम्हीच असाल तर पैसे फक्त हिशोबाचे देताय. क्रेडिट परत करायचंय, आकडे चुकायची धास्ती वाटतेय, तर घ्या.

सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) किंवा ईए (आयआरएसची मान्यता असलेला टॅक्स सल्लागार) महाग, पण शेअर्स, दोन राज्यं, तीन-चार वर्षं चुकलेली असं सगळं एकत्र आलं की तिथेच जायचं. फक्त महाराष्ट्र मंडळात कोणीतरी नंबर दिला म्हणून जाऊ नका, त्यांचे सगळे क्लायंट एच-१बीवाले असले तर १०४०-एनआर त्यांनीही क्वचितच केलेला असतो, वर्षाला किती करता हे पहिलंच विचारा.

कुठलाही मार्ग घ्या, स्टेटचं रिटर्न वेगळं दुरुस्त करावं लागतं, हे हमखास राहतं. आणि एफ-१ ओपीटीवर (शिक्षणाशी निगडित नोकरीची परवानगी) असताना कंपनीने सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले असतील तर तेही नॉनरेसिडेंटला लागत नव्हते, आधी कंपनीकडे मागायचे, नाही दिले तर आयआरएसकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून. काही जणांचा क्रेडिटचा फटका यातूनच भरून निघतो.

पाठवल्यावर तीन आठवडे तरी आयआरएसच्या साइटवर काही दिसत नाही, काम पूर्ण व्हायला ८ ते १२ आठवडे, कधी १६. तोवर त्याच वर्षाचं दुसरं अमेंडमेंट पाठवू नका.