बोक्याची आंघोळ, विश्रामबागेत: जी मुलगी मध्येच थांबते, तिच्याकडेच न्या

आमचा बंड्या पर्शियन मिक्स आहे, पांढरा, अंगापेक्षा केसच जास्त. पोटाला हात लावला की चावतो आणि पाण्याचा नळ सोडला तरी पलंगाखाली जातो. सांगलीत असे बोके पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांना आंघोळीला नेमकं कुठे न्यायचं हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. म्हणून विश्रामबागेतल्या या छोट्या ग्रूमिंगच्या दुकानाबद्दल सविस्तर लिहिते. एका खोलीचं दुकान आहे. एक मुलगी चालवते आणि मदतीला तिचा भाऊ असतो.

आधी आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथे बोका आत घेऊन दार लावायचे आणि दोन तासांनी बाहेर आणून द्यायचे. वरून फुगलेला, छान वासाचा, पण आतले केस ओलेच. शेवटच्या वेळी काखेत कात्रीने कापल्याची जखम होती आणि त्याबद्दल आम्हाला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते आणि कात्रीत सापडते. तेव्हापासून माझी एकच अट आहे : मला समोर बसू द्यायचं.

इथे फोनवरच ती म्हणाली, "काकू, तुम्ही बसाच. तुमचा आवाज ऐकला की तो जरा शांत राहील." मग विचारलं, लस झाली आहे का, चावतो का, अंगावर कुठे गोल टक्कल पडलंय का. शेवटचा प्रश्न गजकर्णासाठी. लांब केसांच्या मांजरांत तो बऱ्यापैकी आढळतो, एकाचा दुसऱ्याला लागतो आणि माणसांनाही होतो. तसं काही असेल तर आधी डॉक्टर, मग आंघोळ, असं तिने स्वच्छ सांगितलं. घरचा टॉवेल आणायला सांगितला, तोही न धुतलेला, म्हणजे त्याला स्वतःचा वास येईल.

तिथे गेल्यावर तिने बंड्याला बास्केटमधून ओढून काढलं नाही. वरचं झाकण काढलं आणि खालच्या भागातच बसू दिलं. टॉवेल अंगावर टाकून एकेक पंजा बाहेर घेतला आणि नखं कापली, तीही फक्त टोकं, आतली गुलाबी शीर सोडून. मान धरून उचलणं नाही, ओरडणं नाही.

मग विंचरणं. आंघोळीच्या आधी विंचरायचं हे तिचं ठाम मत आहे आणि ते बरोबर आहे, कारण पाणी लागलं की जट आणखी आवळते. काखेत केसांची सुपारीएवढी गाठ होती. तिने स्टीलचा कंगवा कातडी आणि गाठ यांच्यामध्ये आडवा सरकवला, केस कापायच्या मशीनचं पातं आधी स्वतःच्या मनगटाला लावून तापलंय का बघितलं, आणि कंगव्याच्या वरून गाठ काढली. खाली कातडी लालसर झाली होती. ती तिने मला वाकून दाखवली आणि म्हणाली, "हे रोज ओढलं जात होतं, म्हणून चावायचा तो." मला ते ऐकून फार वाईट वाटलं. बोका तापट आहे असं आमच्याकडे सगळे म्हणत होते, आणि त्याला नुसतं दुखत होतं.

आंघोळ टबात. तळाला रबरी मॅट, म्हणजे पाय सरकत नाहीत, पाणी कोमट आणि जेमतेम पाय बुडतील एवढं. शॉवर नाही, मग्याने हळूहळू. तोंडावर पाणी अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसलं. शॅम्पू मांजरांचाच, पाण्यात पातळ केलेला, आणि नंतर भरपूर पाण्याने धुतलं, कारण मांजर अंग चाटतं आणि राहिलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. कुत्र्यांची गोचिडांची औषधं आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजराला का लावू नयेत, तेही तिने समजावलं. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजराच्या जिवावर बेतू शकतं. हे आपल्याकडे प्रत्येक मेडिकलवाल्याला माहीत असतं असं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आता ज्या कारणासाठी मी हे लिहायला बसले ते. ड्रायर लांबून आणि मंद लावला होता, तरी थोड्या वेळाने बंड्या तोंड उघडून धापा टाकायला लागला. तिने लगेच ड्रायर बंद केला, खिडकी उघडली आणि त्याला हातही न लावता बाजूला उभी राहिली. मांजराने तोंड उघडून श्वास घेणं चांगलं लक्षण नाही, आणि चपट्या नाकाच्या मांजरांना आधीच श्वासाचा त्रास असतो. तो शांत झाल्यावर टॉवेलनेच कोरडं केलं. पोटाखालचा गुंता तसाच होता. "आज एवढंच काकू, पोट पुढच्या वेळी. आज रेटलं तर पुढे कधीच हात लावू देणार नाही." आणि पैसेही तेवढे कमी घेतले. पोट खरंच पुढच्या खेपेला झालं, आणि त्या वेळी तो टेबलावर बसून राहिला.

उन्हाळ्यात आपल्याकडे ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा बरेच जण मांजराची पूर्ण हजामत करून आणतात. मीही विचारलं होतं. ती नको म्हणाली. केस उन्हापासून राखण करतात, आणि पांढऱ्या मांजराची कातडी उन्हाने भाजते, कानांना तर जास्तच जपावं लागतं. पोट आणि मागचा भाग तेवढा बारीक करून दिला. भुलीचं औषध ती स्वतः कधीच देत नाही. फारच आक्रमक मांजर असेल तर डॉक्टरांकडे पाठवते, आणि ते तसंच असायला हवं.

घरी करायला तिने दिलेला उपाय आमच्याकडे चालला : जेवण झाल्यावर, तो सुस्त असताना, आधी गालाखाली आणि पाठीवर कंगवा, दोन मिनिटांत बंद. छोट्या गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी सोडवायची. आखूड केसांच्या देशी मांजराला बहुतेक वेळा आंघोळ लागतच नाही, असंही ती गिऱ्हाईक हातचं जाईल याचा विचार न करता सांगते.

उणिवा आहेत. कुत्री आणि मांजरं एकाच बाकापाशी ताटकळतात, भुंकणं ऐकून आमचा बंड्या बास्केटमध्येच थिजतो. वीज गेली की काम थांबतं, इन्व्हर्टर नाही. दरपत्रक भिंतीवर लावलेलं नाही, ते लावायला हवं. लांब केसांच्या आंघोळीचे आमच्याकडून अकराशे घेतले, जटांचे वेळेप्रमाणे वेगळे. गावभागातून रिक्षाचं भाडं धरलं तर स्वस्त नाही.

सकाळची पहिली वेळ मागून घ्या, तेव्हा कुत्री नसतात. रविवारी जाऊ नका, गर्दीत तिलाही घाई होते. बास्केट वरून उघडणारी असेल तर उत्तम, आणि रिक्षात तिच्यावर जुना पंचा टाका.