ईडिपस की क्रेऑन?

नाट्यवाचनासाठी ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा राजा ईडिपस घ्यावा की त्याच्याच ‘अँटिगनी’ नाटकातला राजा क्रेऑन, यावर भाची अडली आहे.

नियती किती? ईडिपसकडे जवळजवळ सगळी. तू बापाला मारशील, असं भाकीत असतं; ते टाळायला तो जिथे वाढला ते कॉरिंथ शहर सोडतो आणि तिठ्यावर त्याच्या हातून नेमका त्याला ठाऊक नसलेला खरा बापच मरतो. तापट तो आहेच, पण एवढी शिक्षा त्याच्या रागाची नाही, असं मला ठामपणे वाटतं. क्रेऑनला मात्र हुकूम काढताना कुठल्याच भाकिताने बांधलेलं नसतं. अँटिगनीचा भाऊ पॉलिनाइसीस याला मूठमाती द्यायची नाही, हा हट्ट त्याचा स्वतःचा.

परतीची वाट? इथे क्रेऑन जास्त जिव्हारी लागतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस बजावतो, क्रेऑन नमतोही. भावाला मूठमाती दिली म्हणून गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला आधी सोडव, असा सल्ला मिळतो. तो आधी प्रेताकडे जातो. गुहेशी पोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला. ईडिपसला त्याची बायको योकास्टा विनवते, स्वतःच्या जन्माचा शोध थांबव. थांबला असता तरी घडायचं ते घडूनच गेलं होतं.

वाचायला ईडिपस सोपा: तपासासारखा उलगडतो, शिवाय पु. लं.चं मराठी रूपांतर आहे.

नियतीचा घाला ऐकवायचा असेल तर ईडिपस. सत्तेचा हट्ट ऐकवायचा असेल आणि तोडीस तोड अँटिगनी हाताशी असेल, तर क्रेऑन.