रोबोकॉपी: डीटीपीच्या कामांचा रोजचा बॅकअप, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल आणि दिवाळीच्या आधी अंकांची पानं. कामाच्या सगळ्या फाइल एकाच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर असतात आणि बाकीचे कॉम्प्युटर तिथूनच उघडतात. गेल्या दिवाळीनंतर या सगळ्याचा बॅकअप मी रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडवर टाकला. लग्नसराई, मार्चअखेर आणि शाळा सुरू व्हायची धावपळ, असे तिन्ही हंगाम तिच्यावर काढल्यावर मत पक्कं झालंय: विंडोजसोबत आपोआप येणाऱ्या गोष्टींमध्ये हिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. मात्र ही नक्कल करणारी कमांड आहे. तिच्याभोवती बॅकअपची शिस्त आपली आपल्यालाच बसवावी लागते.

मायक्रोसॉफ्टमधल्या केविन ॲलन यांनी ती लिहिली. विंडोज एनटीच्या काळात ती रिसोर्स किट या जादा साधनांच्या संचातून वेगळी घ्यावी लागायची, व्हिस्टापासून विंडोजमध्येच येते. म्हणजे उतरवायचं काही नाही, लायसन्स नाही, दरवर्षीचं नूतनीकरण नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा, रोमन अक्षरांत नाव टाइप करा, हजर.

साध्या कॉपी-पेस्टपेक्षा फरक कुठे पडतो? रोबोकॉपी दोन्हीकडच्या फाइलींचा आकार आणि तारीख-वेळ ताडून बघते आणि बदललेलंच तेवढं घेते. पहिली नक्कल व्हायला आमच्याकडे अख्खी रात्र गेली. आता दुकान बंद करताना सुरू केली तर शटर ओढेपर्यंत बहुतेक वेळा आटोपलेली असते. शिवाय ती मध्येच प्रश्न विचारत थांबत नाही. एक्सप्लोररमध्ये रात्री कॉपी लावावी आणि सकाळी येऊन बघावं तर 'ही फाइल बदलू का' अशी चौकट तशीच उघडी, हा अनुभव आमच्या धंद्यात कुणाला नवा नाही. फोल्डरमध्ये फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक नाव, यामुळे पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, २६० अक्षरांच्या पुढे गेला की एक्सप्लोरर अडतो. रोबोकॉपी तेही निमूट उचलते.

पण सुरुवातीलाच दोन आकडे बदलून घ्या. एखादी फाइल मिळाली नाही तर ती किती वेळा पुन्हा प्रयत्न करायची, हे मुळात १० लाख ठरलेलं आहे आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलपायी जवळपास ३४७ दिवस. नेटवर्क अधूनमधून तुटतं तिथे ही चिकाटी कामाची असेल, दुकानात नाही. मी '/आर:२ /डब्ल्यू:५' हे स्विच, म्हणजे कमांडपुढे जोडायचे पर्याय, लिहितो: दोन प्रयत्न, पाच सेकंद, मग पुढची फाइल.

सगळ्यात जपून वापरायचा स्विच म्हणजे '/एमआयआर', म्हणजे मिरर, आरसा. तो नक्कल मुळाशी तंतोतंत जुळवतो. मूळ ठिकाणी जे नाही ते नकलेतूनही पुसतो आणि विचारत नाही. बॅकअप नीटनेटका राहतो तो याच्यामुळेच आणि धोकाही यातच आहे. एक्स्टर्नल ड्राइव्हला विंडोज आज एफ अक्षर देईल, उद्या आधी कुणाचा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर जी देईल. मग एफ म्हणून जो ड्राइव्ह समोर येईल, त्याच्यावर ही कमांड चालणार. त्यामुळे माझ्या बॅच फाइलची, म्हणजे ओळीने कमांड लिहून ठेवलेल्या फाइलची, पहिली ओळ कॉपीची नाहीच. बॅकअपच्या ड्राइव्हवर मी एक रिकामी खुणेची फाइल ठेवली आहे. ती सापडली तरच पुढे जायचं, नाहीतर तिथेच थांबायचं. डी ड्राइव्हच्या फोल्डरमध्येही तशीच एक खूण आहे, कारण मूळ फोल्डर कुठल्याही कारणाने रिकामा झाला असेल तर आरसा नकलेलाही रिकामं करतो. कमांडमध्ये काहीही बदल केला की आधी '/एल' लावून चालवायची. तेव्हा ती काही कॉपी करत नाही, काही पुसत नाही, फक्त काय केलं असतं ते दाखवते. 'एक्स्ट्रा फाइल' असं ज्यांच्यापुढे लिहून येतं, त्या पुसल्या जाणार असतात. त्या ओळी मी एकेक वाचतो.

आता मराठी नावांचं. आमच्या निम्म्याहून जास्त फोल्डरांची नावं देवनागरीत आहेत: 'मुखपृष्ठ_शेवटचे', 'पत्रिका_निळी', 'अहवाल_दुसरे प्रूफ'. कॉपी करताना त्यांना काहीच होत नाही, नावं जशीच्या तशी जातात. गडबड होते ती लॉगमध्ये, म्हणजे काय काय झालं त्याच्या नोंदीच्या फाइलमध्ये. नेहमीच्या '/लॉग' स्विचने लिहिलेली फाइल उघडली तर जिथे मराठी नाव तिथे प्रश्नचिन्हांची रांग, म्हणजे कुठली फाइल राहिली ते कळायला मार्ग नाही. यावर उपाय '/युनिलॉग'. तो लॉग युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, लिहितो आणि नोटपॅडमध्ये नावं स्वच्छ दिसतात. जोडीला '/एनपी' लावा, नाहीतर मोठ्या फाइलींचे टक्के लॉगमध्ये भरत राहतात. मराठीत काम करणाऱ्यांनी हे दोन स्विच पहिल्या दिवसापासून लावावेत असं मी आग्रहाने सांगेन.

कोरलड्रॉ वापरत असाल तर प्रत्येक फाइलशेजारी 'बॅकअप ऑफ' या नावाने सुरू होणारी तिची स्वतःची एक प्रत साठत जाते. '/एक्सएफ' हा फाइली वगळणारा स्विच लावून मी त्या वगळल्या आणि ड्राइव्हवरची बरीच जागा वाचली. याउलट एक गोष्ट आठवणीने आत घ्यावी लागते, ती म्हणजे फॉन्ट. जुनं मॅटर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बसवलेलं आहे. ते फॉन्ट हाताशी नसतील तर फाइल सुखरूप असूनही पानावर नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्टचा फोल्डर हा माझ्या बॅकअपमधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे.

अख्खा ड्राइव्ह मुळापासून एखाद्या फोल्डरमध्ये घेतला तर आणखी एक प्रकार होतो. कॉपी पूर्ण होते, ड्राइव्हवरची जागा भरलेली दिसते, पण फोल्डर मात्र दिसत नाही. ड्राइव्हच्या मुळाला 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे गुण असतात, ते त्या फोल्डरला चिकटलेले असतात. 'अट्रिब' कमांडला '-एस -एच' देऊन त्या फोल्डरवर चालवली की तो पुन्हा दिसायला लागतो. दरवेळी हे करण्यापेक्षा मुळातच कामाचा फोल्डर वेगळा ठेवून तेवढाच घेणं सोपं.

ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावल्यावर निकालाच्या रकान्यात १ दिसला तर घाबरू नका. रोबोकॉपीचे आकडे इतर कमांडांसारखे नाहीत. ० म्हणजे नवीन काही नव्हतं, १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, २ म्हणजे नकलेत जास्तीचं काही सापडलं. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी राहिलंय आणि १६ म्हणजे कामच झालं नाही. आकडा ८ किंवा त्याहून मोठा आला की माझी बॅच फाइल लॉग आपोआप उघडते. आमच्याकडे वीज जाते, त्यामुळे शेड्युलरमध्ये 'चुकलेलं काम जमेल तितक्या लवकर चालवा' हा पर्यायही चालू ठेवला आहे.

वेगासाठी '/एमटी' आहे. तो एका वेळी अनेक फाइली उचलतो. काही सांगितलं नाही तर ८, जास्तीत जास्त १२८. एसएसडीवर फरक जाणवतो. आमच्या फिरत्या चकतीच्या जुन्या ड्राइव्हवर तो लावून काही साधलं नाही, म्हणून काढून टाकला.

जे जमत नाही तेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवलेली फाइल ती घेऊ शकत नाही, एरर ३२ देऊन पुढे जाते. आउटलुकच्या मेलची फाइल आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा यासाठी ते प्रोग्रॅम आधी बंद करावेच लागतात. मोठी फाइल थोडीशी बदलली तरी अख्खी पुन्हा घेते. कॉपी झाल्यावर आतला मजकूर वाचून पडताळत नाही. महत्त्वाच्या फाइलीसाठी मी 'सर्टयुटिल' या विंडोजच्या कमांडने दोन्हीकडचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून जुळवतो. आणि तिला कालची आठवण नसते. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, 'परवाचंच डिझाइन बरं होतं,' तर आरशात आजचंच सापडणार. खंडणीच्या व्हायरसने फाइली बिघडवल्या तर ती त्या बिघडलेल्या फाइलीच इमानाने नकलेवर नेईल.

म्हणून माझ्याकडे दोन ड्राइव्ह आहेत. एक आठवडाभर दुकानात, दुसरा घरी, आणि शनिवारी अदलाबदल. बॅकअप झाला की ड्राइव्ह काढून ठेवायचा, लावलेला राहू द्यायचा नाही. महिन्यातून एकदा तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करून त्यात '/ई' ने, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट पण काही न पुसता, पूर्ण प्रत घेतो, म्हणजे तिथे पुसापुसीचा प्रश्न येत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रुळवलेला ३-२-१ नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत बाहेर, हा अजून पुरता पाळला जात नाही. प्रत बाहेर असते, पण साधनं दोन्ही हार्ड डिस्कच आहेत. तयार अंकांच्या पीडीएफ तेवढ्या क्लाउडवर चढवायला सुरुवात केली आहे.

ज्याला लॉग वाचायचा कंटाळा आहे किंवा फाइलच्या जुन्या आवृत्त्या रोज लागतात, त्याने विंडोजची 'फाइल हिस्टरी' किंवा एखादं बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्यावं. ज्याच्याकडे फोल्डर ठरलेले आहेत आणि बॅच फाइल लिहायला एक दुपार आहे, त्याने रोबोकॉपी बेलाशक वापरावी. पहिला आठवडा '/एमआयआर' ऐवजी '/ई' वर चालवा आणि त्या आठवड्यात नकलेतला कुठलाही एक जॉब दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन फॉन्टसकट उघडून बघा.