मेश घेताय? मग वायर टाकायची की नाही ते आधी ठरवा

मेश वाय-फाय (म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले, मिळून एकच नेटवर्क देणारे राउटरसारखे डबे) घेतलं की घरभर सारखा स्पीड येतो असं काही नसतं, एक डबा दुसऱ्या डब्याशी हवेतून बोलतो की वायरीने, सगळा फरक तिथे पडतो. मी दोन्ही करून बसलोय, ताईच्या मुलुंडच्या टू बीएचकेत आणि आमच्या परळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये.

ताईचं घर भाड्याचं, मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, म्हणजे वायरीचा विषयच संपला. दोन डबे आणले, ॲपवरून पंधरा मिनिटांत चालू, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर बेडरूममध्ये साठेक मिळतात आणि तिला तेवढं बास आहे. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच वाय-फाय बँड असलेल्या डब्याला त्याच ५ गिगाहर्ट्झवर तुमच्या मोबाइलशीही बोलायचं असतं आणि दुसऱ्या डब्याशीही, म्हणून लांबच्या डब्यावर स्पीड साधारण निम्म्यावर येतो. ट्राय बँडमध्ये एक बँड डब्यांसाठी वेगळा ठेवता येतो पण किंमत बघून घ्या. आणि दुसरा डबा सिग्नल मरतो तिथे नाही, त्याच्या अलीकडे ठेवायचा. ताईने थेट बेडरूमच्या कपाटावर ठेवला आणि मला फोन, "तुझा डबा भंगार आहे."

परळला हे चाललंच नाही. दीड फुटाच्या भिंती, मध्ये आजीचं लोखंडी कपाट, ५ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचेल कसं. मग भिंतीतल्या पाइपातून गेलेल्या टीव्हीच्या जुन्या केबलच्या टोकाला कॅट सिक्स (नेटची केबल) टेपने बांधली आणि पलीकडून बाबांनी ओढली, वळणावर अडकली तेव्हा त्यांनी आख्ख्या केबलवाल्यांचा उद्धार केला, पण आली. पाइप नसेल तर भिंतीवरून पट्टी मारा, दिसते वाईट पण काम होतं. लाइटच्या वायरींच्या पाइपात मात्र घालू नका.

एवढं करून प्लॅन ३०० चा आणि टेस्टला ९४! दोन दिवस राउटरला शिव्या घातल्या, शेवटी केबलच्या टोकाचा कनेक्टर उजेडात धरून बघितला तर ब्राउन वायर पुढपर्यंत गेलीच नव्हती. १०० च्या स्पीडला चार वायरी पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठच्या आठ लागतात, म्हणून नेट चालू दिसतं पण पुढे सरकत नाही. कनेक्टर परत क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, २९०. तुमचंही ९४ वर अडकलं तर हेच बघा, नाहीतर डब्याचं पोर्ट, स्वस्तातल्या काहींना १०० चंच असतं.

केबल लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, फक्त टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत द्या. फ्लॅटपुरती कॅट फाइव्ह ईसुद्धा चालते, गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. स्विच (एका केबलचे अनेक पोर्ट करणारा डबा) लावणार असाल तर मेन डब्याच्या पुढे लावा, कंपनीच्या मोडेम आणि मेन डब्याच्या मध्ये नको.

आता गंमत म्हणजे वायर पडली की महाग मेश लागतंच असं नाही, जुना राउटर एपी मोडला (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीने आलेलं नेट फक्त वाय-फायवर देणं) टाकून तेच नाव तोच पासवर्ड दिला तरी भागतं, फक्त चालता चालता व्हिडिओ कॉल केला की मोबाइल आधीच्याच राउटरला चिकटून बसतो, मेशमध्ये ते बरंच कमी होतं. आमच्या बाबांना खुर्चीतून उठायचं नसतं, त्यांना एपी मोड पुरला.

ताई पुढच्या महिन्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये जातेय, भिंतींना रंग लागायच्या आत पाइप कुठून कुठे जातायत ते बघायला रविवारी बोलावलंय.